मामांच्या जोड्या

मामा त्या लॉन्ड्रीत आले ते मालकांचे मेहुणे म्हणून आणि राहिले ते सगळ्यांचे मामा म्हणून. मालकांचा मुलगा लहानपणी सुटीत तिथे हुंदडायला यायचा आणि 'मामा, मामा' करत त्यांच्या मागेमागे फिरायचा. ते ऐकून ऐकून धुणारे, वाळवणारे, इस्त्रीवाले, गाडीवाले सगळेच मामा म्हणू लागले. मामांहून वयाने मोठा असलेला पहारेकरीसुद्धा मामाच म्हणायचा. दुनिया लोकांना मामा बनवते, यांच्या बाबतीत तिला ती तसदी घ्यावीच लागली नाही.

लॉन्ड्री घरगुती कपड्यांची नव्हती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांची गाठोडी एका दारातून आत यायची, दुसऱ्या दारातून पांढऱ्याशुभ्र घड्या बाहेर पडायच्या, आणि मधल्या सगळ्या जागेत वाफ. मामांना आधी धुण्यावर ठेवलं होतं. त्यांनी लाल टॉवेल आणि इस्पितळाच्या चादरी एकत्र उकळल्या आणि पुढे बरेच दिवस एका इस्पितळातले रोगी गुलाबी चादरींवर पडून होते. रोग्यांची तक्रार नव्हती, पण इस्पितळाची होती. मग मामांना माल पोचवण्यावर घातलं, तर एका बड्या हॉटेलात ऑपरेशनचे हिरवे झगे जाऊन पडले. शेवटी मालकांनी त्यांना माणसांचं खातं दिलं. माणसं उकळत्या पाण्यात रंग सोडत नाहीत आणि चुकीच्या पत्त्यावर गेली तरी आपली आपण परत येतात, एवढाच त्यामागे विचार होता.

आणि काय सांगावं, तिथे मामांना आपलं जीवितकार्य सापडलं.

लॉन्ड्रीचा जीव असतो रोलरमध्ये. रोलर म्हणजे माणसापेक्षा रुंद, आडवा, तापलेला दंडगोल. एका बाजूने दोघांनी ओलसर चादरीची दोन टोकं धरून ती आत सोडायची, दुसऱ्या बाजूला दोघांनी ती झेलून घडी घालायची. दोघांचा ओढा सारखा लागतो. एकाने ताणलं आणि दुसऱ्याने सैल सोडलं की चादर तिरकी शिरते, मधोमध सुरकुती भाजून पक्की होते, आणि चादर पुन्हा पाण्यात. म्हणजे सगळा खेळ जोडीचा. कुणी कुणाबरोबर उभं राहायचं, हे ठरवायचं काम मामांकडे आलं आणि मामांनी ते असं अंगावर घेतलं की घरच्या मुलीबाळींची लग्नंसुद्धा कुणी इतक्या मनापासून जुळवत नसेल.

मामांचा एक सिद्धान्त होता. लग्न ठरवताना लोक सारखेपणा बघतात आणि तिथेच संसाराची वाट लागते, असं त्यांचं मत. जोडी विजोड पाहिजे. तापट माणसाला थंड माणूस द्यायचा, उंचाला बुटका, देवभोळ्याला नास्तिक. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं. यातली त्यांची सगळ्यात लाडकी जोडी म्हणजे रेडिओ आणि खांब. रेडिओ ही बाई दारातून आत शिरायच्या आधी तिचा आवाज आत शिरायचा, आणि घरी गेल्यावरही थोडा वेळ मागे रेंगाळायचा. खांब ही बाई बोलायचीच नाही. मामा तिला काही विचारायला गेले की ती मान हलवायची, आणि ती मान हो म्हणतेय की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. या दोघींना मामांनी एका रोलरपुढे उभं केलं होतं. लॉन्ड्री बघायला कुणी पाहुणा आला की मामा त्याला आधी या जोडीपुढे नेऊन उभं करत आणि म्हणत, बघा, एक नदी आणि एक घाट. पाहुण्याला त्यातलं काही कळायचं नाही, पण तो मान डोलवायचा.

सकाळच्या चहानंतर एक आणि दुपारच्या जेवणानंतर एक अशा मामांच्या दोन फेऱ्या असत. हात मागे बांधून ते प्रत्येक रोलरपाशी थांबत, जोडीकडे बघत, समाधानाने हुं म्हणत आणि पुढे जात. चादरी सुरेख निघत होत्या. हॉटेलं खूश होती. मालक म्हणत, आमच्या मेहुण्याला माणसं कळतात. मामींना हे ऐकून ठसका लागायचा. मामी फटकळ, झटपट कामाच्या. मामांबरोबर घरातली चादर घडी करायला त्यांनी लग्नानंतर महिन्याभरातच नकार दिला होता. मामांचं टोक कधीच वेळेवर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर मामा म्हणत की बघ, तू चपळ, मी संथ, म्हणून तर आपलं जमलं. मामी म्हणत, जमलं नाही, जमवून घेतलं. मामांना दोन्हींत फरक दिसत नसे.

पुढे मालक थकले आणि घरी बसले. घरी म्हणजे खरोखर खिडकीत बसले. रस्त्यावरून कोणकोणत्या गाड्या गेल्या ते रात्री जेवताना बायकोला सांगू लागले. ती बायको म्हणजे मामांची थोरली बहीण. ती मामांपुढे येऊन रडली की हा माणूस कामावर सिंहासारखा होता आणि आता निळी गाडी गेली म्हणून टाळ्या वाजवतो.  मरणाला मामा फारसे भीत नव्हते. खिडकीला भीत होते.

मालकांच्या जागी भाचा आला. बाहेरून मोठं शिक्षण घेऊन आला होता, पण मुलगा वाईट नव्हता. आल्या आल्या त्याने मामांना वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घड्यांच्या खोलीत बोलावलं, कारण मोकळी भिंत फक्त तिथेच होती. भिंतीवर चित्रं उमटू लागली. पहिल्यावर लिहिलं होतं, धोरणात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन. दुसऱ्यावर तीन वर्तुळं होती आणि ती एकमेकांत अडकली होती. भाचा म्हणाला की माणूस हा खर्च नसून भांडवल आहे आणि धंद्याचं मूल्य शेवटी माणसांतून निर्माण होतं. रेडिओने विचारलं की भांडवलाला रजा मिळते का. भाच्याने हा मुद्दा लिहून घेतला. खांब काही बोलली नाही.

मग एकेका खात्याने आपण मूल्यात काय भर घालतो ते सांगायचं होतं. धुणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही धुतो. गाडीवाल्यांनी सांगितलं, आम्ही पोचवतो. भाच्याने मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, मी जोड्या लावतो. भाच्याने विचारलं, कशाच्या आधारावर? मामा म्हणाले, बघून. भाच्याने हेही लिहून घेतलं, पण लिहिताना त्याचा चेहरा पडला.

संध्याकाळी त्याने मामांना केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली आणि चहा मागवला. चहा मागवलेला बघूनच मामा काय ते समजले. भाच्याने एक संगणकाची प्रणाली घेतली होती. माणसाची उंची, हाताचा वेग, अनुभव, सगळं आत घातलं की ती जोड्या काढून देणार. तरी मामांवर अन्याय नको म्हणून त्याने परीक्षा ठरवली. चार रोलरपैकी डावीकडचे दोन मामांच्या जोड्यांवर चालतील, उजवीकडचे दोन प्रणालीच्या. महिन्याच्या शेवटी जी बाजू जास्त चांगल्या चादरी काढेल, तिच्या पद्धतीने पुढे चालायचं. आणि डावी बाजू हरली तर?

"तर तुम्ही सल्लागार," भाचा म्हणाला. "घरीच राहायचं, आराम करायचा. गरज पडली की मी फोन करीन."

मामांनी आयुष्यभर माणसांचं खातं सांभाळलं होतं. 'गरज पडली की फोन करीन' हे वाक्य त्यांनी स्वतः कितीतरी जणांना सांगितलेलं होतं आणि त्यांतल्या एकालाही कधी फोन केलेला नव्हता.

तरी मामांची धास्ती दोन दिवसांत ओसरली. नापास व्हायचं कारणच काय होतं? डावीकडे रेडिओ आणि खांब होत्या, आणखी तशाच मुरलेल्या जोड्या होत्या. उजवीकडे यंत्राने ज्यांना एकत्र आणलं होतं ते कधी एकमेकांशेजारी उभेही राहिले नव्हते. भिंतीवर लाल आकड्यांची पाटी बसली. चादर चांगली निघाली की आकडा वाढायचा. भाच्याने सांगून टाकलं की मी आता मध्ये पडणार नाही, निकाल पाटी देईल. परीक्षा सुरू झाली आणि डाव्या बाजूने पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

चादरी तिरक्या शिरू लागल्या. सुरकुत्या पडू लागल्या. धुणारे कुरकुरले की तीच चादर आम्ही तिसऱ्यांदा धुतोय, आता तिची आमची घसट वाढली. पहिला आठवडा संपला तेव्हा उजवीकडच्या नव्या जोड्या बेताचंच काम करून पुढे होत्या. एका हॉटेलाने तक्रार केली की पाहुण्याच्या पाठीवर चादरीच्या सुरकुतीचा वळ उठला. आणि मग एका दुपारी, भर पाळीत, खांबाने चादरीचं टोक हातातून सोडलं आणि रेडिओकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, तुझी सासू मेली एकदाची, आता तरी तिला सोड." सगळे रोलर क्षणभर कामाला विसरले. तिचा आवाज चांगला खणखणीत होता.

मामा आपल्या टेबलापाशी येऊन बसले. त्यांना काहीच उमजेना. माणसं तीच, जोड्या त्याच, मग दुधात मिठाचा खडा पडला कुठे? तेवढ्यात मुकादमबाई आल्या. चारही रोलरवर देखरेख त्यांची. उभ्या अंगाच्या, कमी शब्दांच्या बाई. त्या कधी बसत नसत, त्या दिवशी बसल्या. इतक्या वर्षांत न बोललेलं त्या बोलून गेल्या.

मामांच्या जोड्यांवर ती लॉन्ड्री एक दिवससुद्धा चाललेली नव्हती. मामांनी पहिली जोडी लावली त्याच दिवशी दोघांनी एकमेकांची तोंडं बघितली आणि मामांची पाठ वळताच जागा बदलून घेतल्या. मग तोच रिवाज पडला. मामा टेबलापासून उठून फेरीला निघाले की बोळातला गाडीवाला रिकामी गाडी भिंतीवर आपटायचा. तो आवाज झाला की सगळे धावत आपापल्या मामांनी लावलेल्या जागी. फेरी संपली की पुन्हा ज्याच्याशी ज्याचं जमतं त्याच्याशेजारी. रेडिओच्या शेजारी कायम उभं राहणं कुणालाच झेपत नव्हतं, म्हणून तिला सगळ्यांनी पाळीपाळीने वाटून घेतलं होतं. नवीन माणूस कामावर आला की त्याला आधी हे शिकवायचे आणि मग रोलर.

मामांनी विचारलं, "मग या खेपेला काय झालं?"

"या खेपेला तुमची परीक्षा होती," मुकादमबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून ठरवलं, मामांच्या नावाची परीक्षा आहे, तर लबाडी करायची नाही. दिवसभर मामांच्याच जोडीत उभं राहायचं. इमानदारीने. तिथंच चुकलं बघा."

मामांनी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं. मुकादमबाई म्हणाल्या की तुम्ही फेरीला यायचात, प्रत्येक जोडीकडे बघून हुं म्हणायचात, तुमचा चेहरा असा फुलायचा. तो चेहरा कोण मोडणार? मग त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या की अजून दिवस हातात आहेत. उद्यापासून पहिल्यासारखी बेइमानी करतो, महिनाअखेरीला तुम्हीच पुढे असाल. फक्त तुम्हाला यातलं काही माहीत नाही.

मामा घरी गेले आणि त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, मला ठाऊक आहे. केव्हापासून, असं विचारल्यावर त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मुकादमबाई त्यांना बाजारात भेटायच्या, तेव्हा कधीतरी विषय निघाला होता. मला का नाही बोललीस, असं मामांनी विचारलं. मामी म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाहीत. मामा त्या रात्री जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं. लाज वाटत होती. राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ज्यांनी आपल्याला फसवलं ते आपल्याला जीव लावूनच फसवत होते, यावर भांडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी ते फेरीच्या नेहमीच्या वेळेआधी, बोळ टाळून, मागच्या दाराने आत गेले. वाफेत कुणाला दिसले नाहीत. लॉन्ड्री त्यांनी प्रथमच पाहिली म्हणायला हरकत नाही. चादरी सरळ, सपाट शिरत होत्या आणि कुणी हाताकडे बघतही नव्हतं. पलीकडच्या रोलरवर खांब उभी होती, एका वाळवणाऱ्या बाईबरोबर. ती बोलत होती. नुसती बोलत नव्हती, हातवारे करून कुणाची तरी नक्कल करत होती आणि दुसरी बाई हसून हसून चादरीवर वाकली होती. मामा नीट बघत राहिले. मागे हात बांधून, समाधानाने हुं म्हणणारा कुणीतरी होता. खांब नक्कल त्यांची करत होती.

हिला आपण न बोलणारी समजत होतो. या बाईला आपण रोज दोनदा, आपल्या हुंसाठी, नको त्या माणसाशेजारी नेऊन उभं करत होतो. मामांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते वाफेवर घातलं. खिडकीत बसावं लागलं तरी चालेल, पण आता त्यांना फेरी घालणं शक्य नव्हतं. ते तसेच भाच्याकडे गेले.

त्यांनी सगळं सांगितलं, गाडीच्या आवाजासकट. भाचा आधी हसला, मग गंभीर झाला, मग उठून येरझारा घालू लागला. मामा म्हणाले, माझ्या जोड्या नकोत आणि तुझ्या यंत्राच्याही नकोत. त्यांच्या त्यांना निवडू दे.

"मग तुमचं काम काय राहिलं, मामा?"

"काही नाही," मामा म्हणाले.

भाच्याने प्रणाली बंद केली. ज्याने त्याने आपली जोडी आपण निवडायची असा फलक लागला. पुढे एका व्यवस्थापकांच्या मेळाव्यात त्याने स्वयंनिर्णयातून मूल्यनिर्मिती या विषयावर भाषण केलं आणि त्याला काचेचं एक स्मृतिचिन्ह मिळालं. मामांचा मोठा निरोप समारंभ झाला. रेडिओ बोलायला उठली आणि तिला बोलता येईना, तेव्हा लोकांना प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

मामा घरी आले. मामींनी पहिल्याच दिवशी बजावलं की खिडकीत बसायचं नाही. मग मामा भिंतीकडे तोंड करून बसू लागले. सकाळच्या चहानंतर त्यांचे पाय आपोआप उठायचे, स्वयंपाकघरातून दारापर्यंत एक फेरी व्हायची. मामी भांडी घासत असत. मामा थांबून बघत. मामी मान वर न करता म्हणत, हुं म्हणायचं नाही. फोन एकदाच वाजला, तो चुकीचा लागला होता, तरी मामा त्या माणसाशी बराच वेळ बोलले.

अशा एका दुपारी मुकादमबाई घरी आल्या. मामींनी पाणी दिलं. बाई पदराने घाम पुसत म्हणाल्या की लॉन्ड्रीचे तीनतेरा वाजलेत. आपली जोडी आपणच निवडायची म्हटल्यावर पहिले काही दिवस मजेत गेले. मग बारीकसारीक कुरबुरी आल्या, त्या काय नवराबायकोतही येतात. पण आता जागा बदलायची सोय उरली नव्हती. पूर्वी नाही पटलं तर मामांनी लावलंय म्हणून हसायचं आणि सरकायचं. आता सरकलं की दुसरी विचारते, मला सोडलंस? म्हणून मग कुणी हलत नाही. मनात अढी धरून माणसं एकमेकांशेजारी उभी राहतात आणि टोकं ओढतात. खांबाचं आणि त्या वाळवणाऱ्या बाईचं बोलणं बंद आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची होती, ती त्या फलकाने उघडली.

"आणि रेडिओ?" मामांनी विचारलं.

मुकादमबाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. रेडिओला कुणीच निवडलं नव्हतं. पूर्वी ती पाळीने सगळ्यांच्या वाट्याला यायची. आता पाळीच नाही. उरलेल्या माणसाबरोबर ती उभी राहते आणि दिवसभर एक शब्द बोलत नाही.

"रेडिओ बोलत नाही?" मामा उठूनच उभे राहिले.

भाचेसाहेबांनाच यायचं होतं, मुकादमबाई म्हणाल्या, पण त्यांना ते काचेचं बक्षीस मिळालंय, त्यामुळे त्यांना येता येत नाही. त्यांनी एवढंच सांगितलंय की मामा आले तर मी बघितलं नाही असं समजा. तर मामा, या आणि जोड्या लावा.

"कशा लावू?"

"पहिल्यासारख्या. चुकीच्या. तेवढं आमच्यापैकी कुणालाच जमत नाही."

मामांना अपमान वाटायला हवा होता. तो वाटतोय का, हे त्यांनी मनात चाचपून बघितलं. तिथे आनंदाशिवाय काही सापडेना. मग त्यांना एक अडचण सुचली आणि चेहरा पुन्हा उतरला.

"पण बाई, आता मला सगळं माहीत आहे. मी फेरीला येणार, तुम्ही जागा बदलून उभे राहणार, आणि मला माहीत असणार."

"असू दे की," मुकादमबाई म्हणाल्या. "आम्हाला इतकी वर्षं माहीत होतं. आम्ही कधी चेहऱ्यावर दाखवलं?"

मामा शर्ट बदलायला आत गेले.